राजाच्या हातांवरचे तेल

एका राज्यात राजाच्या हाताला कोणी हात लावत नसे. राजाचे नाव भद्रसेन. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते आणि त्यांवर सदा तेल चकाकत असे. त्याने धान्याला हात लावला की धान्य खवट होई. घोड्याच्या मानेवर थाप मारली की घोडा संध्याकाळी मरून पडे. राजा लांब दांड्याच्या पळीने जेवे.

असे का झाले ते सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. मयंद नावाचा एक मांत्रिक होता. त्याने राजाला डोंगरातला नागांचा खजिना दाखवला. राजाने त्याला भाऊ म्हटले आणि घरी जेवायला बोलावले. जेवताना राजाच्या मनात आले, याने मला दाखवला तसा उद्या दुसऱ्यालाही दाखवील. मुदपाकखान्यात मेजवानीची मोठी काहील चुलीवर होती, तेल उकळत होते. मयंद आचवायला उठून काहिलीजवळून जाऊ लागला तेव्हा राजाने स्वतःच्या हातांनी त्याला तीत लोटले. तेल उडाले ते राजाच्या हातांवर. काहिलीतून आवाज आला, "हे तेल पाण्याने जाणार नाही." एवढाच.

राजा त्या हातांनी जगला असता. पण त्याला केतकी नावाची लहान मुलगी होती. एकदा ती जिन्यावरून घसरली आणि राजाने विचार न करता तिला झेलले. तिच्या दंडावर त्याच्या बोटांचे डाग उठले. ते डाग वर चढू लागले. वैद्यांनी रिठे, शिकेकाई, राख, डाळीचे पीठ, सगळे चोळून पाहिले. डाग खांद्यावर आला.

"गळा ओलांडून हनुवटीवर गेला की श्वास कोंडेल," वैद्य म्हणाले.

धोबी मुलीच्या कपड्यांना हात लावीनात. म्हणून राणी सुरंगा ते घेऊन स्वतः नदीवर गेली. खडकावर एक धोबी पक्षी शेपूट हलवत बसला होता.

"किती आपटाल, बाई? दगड झिजेल," पक्षी म्हणाला.

"तुला काय कळते त्यातले?"

"मला लोक धोबी म्हणतात. जन्मात एक पंचा धुतला नाही, पण बघून बघून शिकलो. पाण्याने तेल जात नाही. तेल न्यायला तेलच लागते."

"डागावर तेल चोळू?"

"चोळा, म्हणजे उद्याच चिता रचता येईल. तेल राखेच्या तिखट पाण्यात शिजवायचे. पाणी तेलाला खाते, तेल पाण्याला खाते. दोघे संपले की जे उरते त्याची वडी पाडायची. ती डाग घेऊन जाते. तुमच्या राज्यात अजून कोणी केलेली नाही."

"तेल आहे. कोठारात चमेलीचे आहे, केवड्याचे आहे."

"वरातीला निघालात काय? तीन तेले लागतील. खोबरेलाने फेस येतो, वडी घट्ट होते. एरंडेलाने फेस टिकतो, कातडी फाटत नाही. तिसरे करंजाचे. ते कडू असते, आणि शापाला कडूच लागते. पण तेल्याच्या दुकानातले चालणार नाही."

मग त्याने तिन्ही वाटा सांगितल्या. राणी तशीच निघाली.

समुद्राकाठी नारळीच्या बनात एक यक्ष राहत होता. त्याने तिच्यापुढे तीन बरण्या ठेवल्या. तिन्हींत तेल सारखेच नितळ होते, सारखाच वास होता.

"एक खरे आहे. दोन माझी माया आहे," यक्ष म्हणाला.

राणीने बरण्या झऱ्याच्या गार पाण्यात ठेवल्या आणि बसून राहिली. एका बरणीतले तेल तुपासारखे गोठले. तिने ती उचलली.

"मोल?" तिने विचारले.

"ज्याला हे तेल तू रोज लावतेस, ते."

राणीने केस कापून त्याच्या पायाशी ठेवले आणि पदर डोक्यावर घट्ट ओढला.

पठारावर एरंडाच्या रानात एक चेटकीण होती. तिला एकच डोळा होता. तिच्या घरीही तीन बुधले होते. राणीने एकेक तिरपा केला. दोहोंतून तेल भसकन आले. तिसऱ्यातून जाड धार निघाली आणि मधासारखी सावकाश उतरली.

"हे," राणी म्हणाली.

"हुशार आहेस. आता मोल. एरंडेलाच्या दिव्याचे काजळ घालून ज्यांना मिरवलेस, त्यातला एक डोळा ठेवून जा. मला जोडी लावायची आहे."

राणीने मान पुढे केली. चेटकिणीने काजळ पुसावे तसा अंगठा फिरवला. राणीला त्या बाजूचे जग दिसेनासे झाले. तिने बुधला उचलला आणि निघाली.

तिसरी वाट परत तिच्याच राज्यात आली. वेशीबाहेर एक करंज होता. राजाने मयंदाची हाडे तिथेच पुरली होती. झाडाखाली मयंद बसला होता. अंगावर कातडी नव्हती. त्याच्यापुढे तेलाचा एकच तांब्या होता.

"या वहिनी. बसा," तो म्हणाला.

राणी बसली.

"माझ्याकडे निवडायला काही नाही. एकच तेल आहे आणि ते फुकट आहे. फक्त मी कसा मेलो ते सांगा. या राज्यात अजून कोणी तोंडाने म्हटलेले नाही."

राणीने डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "तुम्ही पाहुणे होतात. ह्यांनी तुम्हाला काहिलीत लोटले."

"आणि तुम्ही?"

"मी वाढत होते. ह्यांचे तोंड पाहून मला कळले होते. मी पुढचा पदार्थ वाढला."

मयंदाने तांब्या तिच्याकडे सरकवला. "श्रीखंड होते. चांगले झाले होते."

राणीने तांब्या घेतला, पण ती उठली नाही. "मला तेल का देता?"

"मुलीने मला लोटले नाही. एक ऐका, वहिनी. ताजी वडी हातात धरू नका. रोज जिभेला लावून बघा. चावली तर ती अजून जिवंत आहे. चावायची थांबली की मगच धुवा. घाई केलीत तर डागाबरोबर मांसही जाईल."

राणी महालात आली. डाग मुलीच्या गळ्याखाली पोचला होता. राणीने केळीची सोपटे वाळवून जाळली, राख भिजवून पाणी गाळले आणि त्यात अंडे तरंगेपर्यंत आटवले. लोखंडाच्या कढईत तिन्ही तेले ओतली, वरून ते पाणी सोडले आणि लाकडी डावाने घोटत राहिली. हातांवर शिंतोडे उडून फोड आले. डाव उचलला की पडलेली धार वरच रेघ काढून राहू लागली, तेव्हा तिने ते साच्यात ओतले. दुसऱ्या दिवशी वड्या कापून मुलीच्या खोलीच्या दाराशी मांडल्या. पिवळट, कडू वासाच्या, गुळाच्या ढेपेसारख्या ओलसर.

आता त्या राज्यात एक रीत होती. नवा गूळ, नवे तांदूळ, नवे कापड, जे काही नवे होईल ते त्याच दिवशी राजाच्या हातात द्यायचे. त्याला नव्याचा मान म्हणत. मान चुकला म्हणून लोक हद्दपार झाले होते.

प्रधान चंदनाचे तबक घेऊन आला. "राणीसाहेब, मान."

"हा गूळ नाही, प्रधानजी."

"ते मला ठरवता येत नाही. तुम्हालाही नाही."

तेवढ्यात राजा स्वतः उंबऱ्याशी आला.

"महाराज, ही अजून चावते. थांबा."

"माझ्या आजोबांनी कधी शिळे घेतले नाही."

"शिळे नव्हे, मुरलेले."

राजाने बिछान्यावरच्या मुलीकडे पाहिले. "राणी, हिला झेलल्यापासून मी हिच्या खोलीच्या उंबऱ्यावरच उभा राहतो. आज हात धुतो आणि आत येतो. दे."

"नाही."

त्याने मांडलेल्यांतली एक वडी उचलली, घंगाळात हात बुडवले आणि घासू लागला. फेस आला. काळे तेल सुटून पाण्यावर पसरले. राजा हसला. नंतर फेस लाल झाला. तो सोडीना, कारण डाग खरोखर जात होता. त्याला ओढून बाजूला केले तेव्हा पांढरे दिसत होते ते हाड होते. वैद्यांनी दोन्ही हात मनगटापासून उतरवले.

वड्या सावलीत फळीवर सुकत राहिल्या. राणी रोज सकाळी एक वडी जिभेला लावी. वडी चावे. जीभ सोलली, तरी ती लावी. डाग गळ्यावर आला. केतकीचा आवाज बसला.

"आता धुवून टाका," प्रधान म्हणाला. "कातडी जाईल, जीव तरी राहील."

"महाराजांना विचारून या," राणी म्हणाली.

वैद्य आले, पुरोहित आले. दासी रडल्या आणि म्हणाल्या, आई आहे की दगड. राणीने खोलीला आतून कडी घातली. केतकी खुणेने वडी मागे. राणी मान हलवी. तिने काहीही न करता मुलीकडे पाहत बसणे स्वीकारले. तिच्या सगळ्या प्रवासात एवढे जड काही नव्हते.

डाग हनुवटीच्या कडेला टेकला, त्या सकाळी राणीने वडी जिभेला लावली. चावली नाही. जीभच मेली असेल म्हणून तिने ती डोळ्याच्या कडेला लावली, उरलेल्या एकाच डोळ्याच्या. पाणी आले, पण आग झाली नाही.

मग तिने मुलीला धुतले. फेस पांढरा राहिला. काळे तेल हनुवटीवरून, गळ्यावरून, खांद्यावरून उतरले आणि मोरीतून नदीकडे वाहत गेले. दंडावरचे बोटांचे डाग शेवटी गेले. केतकीने मोठा श्वास घेतला. वेशीबाहेरचा करंज त्याच वेळी फुलला आणि त्याखाली पुन्हा कोणी दिसले नाही.

कोठारातल्या धान्याचा खवटपणा गेला. नव्याचा मान राणीने बंद केला. त्या वडीला लोक साबण म्हणू लागले आणि ती घरोघरी होऊ लागली. पण मुरल्याशिवाय कोणी पोराच्या अंगाला लावत नसे. राणीला पुढे कशाचीच चव कळली नाही. ती दुसऱ्यांनी सांगितलेल्या अंदाजाने मीठ घाली.

केतकी उठून चालू लागली तेव्हा आधी राजाच्या खोलीत गेली. तो खिडकीशी बसला होता, शाल छातीपर्यंत ओढून. ती उंबऱ्यावर थांबली नाही. त्याच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली आणि नेहमीसारखे हात वर केले.

"बाबा, आता मी स्वच्छ आहे. उचला."

राजाने शाल आणखी घट्ट ओढून घेतली.