दहा हजार एकावी मुंगी

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. इतकी जुनी, की तेव्हा प्राण्यांना गणित येत होतं आणि माणसांना अजून यायचं होतं.

एका रानात ओढ्याकाठी मुंग्यांचं वारूळ होतं. त्यात दहा हजार एक मुंग्या राहायच्या. एकदा ओढ्याला पूर आला आणि पाणी वारुळाला लागलं. पिंपळाच्या पानांवर बसून पलीकडच्या टेकाडावर जायचं ठरलं. पण मुंग्यांची रीत मोठी कडक! प्रत्येक पानावर सारख्याच मुंग्या बसायच्या. कुठे एक कमी नाही, कुठे एक जास्त नाही.

"आमचे सारखे भाग कसे पाडायचे हो?" राणीने सरडोबांना विचारलं.

सरडोबा म्हणजे रानातले नावाजलेले गणिती. हिशेबाचा नाद लागल्यापासून मुंग्या खाणंसुद्धा विसरले होते! त्यांनी दोनाने भागून पाहिलं, तिनाने पाहिलं, पाचाने, साताने. दर वेळी काहीतरी उरायचंच. शंभरापर्यंत तपासायला हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एकाहत्तरपर्यंत आले आणि कंटाळले. म्हणतात ना, सरड्याची धाव कुंपणापर्यंत!

"हा आकडा तुटतच नाही," ते मान डोलवत म्हणाले. "एक मुंगी कमी करा. मग दहा हजार कशाही वाटा."

सगळ्यांचे डोळे एका लंगड्या म्हातारीकडे वळले. ती पुढे आली.

"सरडोबा, शेवटपर्यंत पाहिलंत ना?"

"हो तर!" सरडोबा धडधडीत खोटं बोलले.

"मग मीच जादा," म्हातारी म्हणाली आणि मागे राहिली. शंभर पानं निघाली, एकेका पानावर शंभर मुंग्या.

सरडोबा झाडावर जाऊन बसले, पण जिवाला चैन पडेना. म्हातारीचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी उरलेलं गणित करायला घेतलं. त्र्याहत्तरने भागलं, आणि काहीच उरलं नाही! त्र्याहत्तर पानं, प्रत्येकावर एकशे सदतीस मुंग्या. एकही जादा नव्हती.

अरेरे! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते धडपडत खाली आले. वारूळ बुडालं होतं आणि म्हातारी गवताच्या पात्याला लोंबकळत होती. त्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि पाण्यात उडी टाकली.

"का हो? मी जादा होते ना?" तिने विचारलं.

"नाही गं माय. मी पुरतं पाहिलंच नव्हतं. खोटं बोललो."



टेकाडावर पोचताच सरडोबांनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. आता मुंग्या कडकडून चावतील, असं त्यांना वाटलं. पण मुंग्यांच्याच माना खाली गेल्या.

"तुम्ही एकाहत्तरपर्यंत तरी गेलात," राणी हळूच म्हणाली. "आम्ही तर तुमचं ऐकताक्षणी हिच्याकडे बघितलं."

म्हातारी लंगडत सगळ्यांच्या मधून गेली आणि एकटीच टोकाला जाऊन बसली. तिला हाक मारायची हिंमत एकीलाही झाली नाही.

तात्पर्य : कुणाला जादा ठरवण्याआधी आपला हिशेब शेवटपर्यंत तपासावा.