चुकलेल्यांचा तास

कुडाळच्या एका शाळेत मालिनी तिरोडकर बाई विज्ञान शिकवत. उष्णता हा वस्तूंमधून वाहणारा अदृश्य द्रव आहे, असं एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञ मानत, हे त्या मुलांना रंगवून सांगत होत्या. तपासणीला आलेले धामणकरसाहेब दारातूनच गरजले, "बाई, चुकलेल्यांच्या गोष्टी कशाला? फक्त बरोबर तेच शिकवा, नाहीतर वाईट शेरा लिहीन!"

बाई विज्ञानाचं पाठ्यपुस्तक त्यांच्यापुढे धरत नम्रपणे म्हणाल्या, "चालेल, साहेब. पण त्यांनाही आपलं बरोबरच वाटत होतं. तेव्हा या पुस्तकातलं उद्या काय चुकीचं ठरणार, तेवढ्यावर खूण करून द्या. ते मी आजच गाळते."

साहेबांनी तोऱ्यात पेन उघडलं. पानं चाळली, पुन्हा चाळली. मग ओशाळं हसत ते मुलांशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "चालू द्या तास. मीही ऐकतो."