काकूंनी उडी मारली नाही

मासेमारीच्या ऑनलाइन खेळात कराडच्या कुमुदकाकू रोज जाळं टाकायच्या. हात जन्मभर शेवया वळलेला, त्यामुळे जाळं पडायचं ते एका लयीत. एकदा खेळाचा राखणदार सोनेरी चिलखत मिरवत किनाऱ्यावर आला आणि त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "एवढी लय माणसाची नसते. तुम्ही बॉट आहात, आपोआप खेळणारा प्रोग्राम! माणूस असाल तर ताबडतोब उडी मारा, नाहीतर खातं बंद!"

काकूंची खेळातली कोळीण जागची हलली नाही.

"पाहिलंत? बॉटच!" राखणदाराने लिहिलं.

काकूंनी सावकाश टाइप केलं, "अहो साहेब, हुकूम आला की ताबडतोब उडी मारतो तो बॉट. माणूस आधी विचारतो, का म्हणून?"

किनाऱ्यावर हशा पिकला. राखणदार चिडला, "हसणं बंद करा!"

सगळ्या खेळाडूंनी लिहिलं, "का म्हणून?"

राखणदार निघून गेला. काकूंनी पुन्हा जाळं टाकलं, त्याच लयीत.