पोचूबाईची ओ

फार वर्षांपूर्वी, कोसमटोल्याच्या डोंगरावर बसायला सावली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्यानं मध्येच उठू नये. ही गोष्ट अर्धी ऐकून गेलेल्याचा रानात पाय अडतो, असं म्हणतात. सांगायचं काम माझ्या थोरल्या भावाचं, वारलूदादाचं होतं. यंदा मी सांगतो. चुकलं तर चुकलं.

तेव्हा डोंगराला बोडका म्हणत. जुने मोह तेवढे पायथ्याला होते, वर सगळा मुरूम. पाऊस पडायचा आणि धावत नदीला जायचा, गावात थांबायचा नाही. होळीच्या आधी विहीर आटायची. बाया दोन कोसांवरून पाणी आणायच्या. चार घरं गाव सोडून गेली होती. त्यांच्या चुली उघड्यावर पडलेल्या दिसायच्या आणि उरलेली माणसं त्यांच्याकडं बघायची नाहीत. पुढची चूल कुणाची, ही भीती प्रत्येकाच्या पोटात होती.

अशात सरकारची योजना आली. पुढं जीप, मागं रोपांची गाडी. साहेबांनी पिंपळाखाली कागद वाचून दाखवला. बोडक्यावर रोपवन लावायचं. लावायची मजुरी मिळेल, पण राखायचं गावानं. पाच वर्षं गुरं वर चढवायची नाहीत आणि आग लावायची नाही. रान उभं राहिलं की गवत, बांबू, वाळलं लाकूड गावाचं. आणि रान जळलं, तर योजना इथून उठेल आणि दुसऱ्या गावाला जाईल.

म्हातारा कन्नाजी म्हणाला, "साहेब, आमची पोरं पाण्यावाचून हायत, अन् तुमच्या झाडायले आम्ही पाणी पाजावं?"

"झाडंच पाणी आणतील, बाबा."

"कशानं जी? कावड घेऊन?"

सगळे हसले. एकटी पोचूबाई हसली नाही. ती उठून म्हणाली, "डोंगर माझ्याकडं द्या जी."

पोचूबाईला कुणी नव्हतं. होता एक धाकटा भाऊ, डोलू. आईबाप पटकीनं गेले तेव्हा तो रांगत होता. त्याला तिनंच वाढवलं, तिनंच चालायला शिकवलं, तिनंच रानाचे नियम सांगितले. त्यातला एक नियम तेव्हा सगळ्या मुलखात होता. रानात कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीला नाही, तिसरीलाही नाही. जे माणूस नाही ते तीनदाच हाक मारतं. माणूस असेल तर चौथी मारेल. ज्यानं घाईनं ओ दिली तो घरी आला नाही, असं म्हणतात.

मग पोचूबाई डोंगराची झाली. रोपवनाच्या भोवती दोन बैलगाड्या जातील एवढी पट्टी तिनं खरवडून काढली. तिच्यावर पान राहू द्यायची नाही, काडी राहू द्यायची नाही. आगीला खायला काही नसलं की आग तिथं थांबते. सरकारच्या कागदात त्या पट्टीला जाळरेषा म्हणतात. पोचूबाई तिला उंबरठा म्हणायची. कुणाची शेळी आत शिरली तर ती शेळीचा कान धरून मालकाच्या दारात उभी राहायची.

"आली झाडायची पोलिसीण!" लोक म्हणायचे.

"पोलिसीण नाही, सासू हाय मी," ती म्हणायची. "पोलीस सुटी घेते."

ती डोंगर चढू लागली की रोपं तिच्याकडं पानं वळवायची, असं म्हणतात.

तिसरं वर्ष आलं. चैत्र लागला, मोह गळायला लागले. मोहाची फुलं जमिनीवर पडतात आणि वाळल्या पानांत दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडं झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करायची रीत होती. बापाच्या बापापासून होती. पोचूबाईनं घरोघर सांगितलं होतं, यंदा खराट्यानं झाडा, काडी लावू नका. सगळ्यांनी ऐकलं. डोलूनं ऐकलं नाही. तो वाईट नव्हता, उतावळा होता. एकाच झाडाखाली लावतो, म्हणाला. तळहाताएवढी आग. पळसाच्या डहाळीनं लगेच विझवतो.

दुपार होती. वारा उठला.

आग आधी आवाज करत नाही. पानाखालून सरपटते. डोलूनं डहाळी मारली तर ती दुसऱ्या मोहाखाली निघाली. तिकडं धावला तर तिसऱ्याखाली. मग जुनं लुगडं टर्रकन फाटावं तसा आवाज झाला आणि ती उभी राहिली. ससे माणसांच्या पायांतून पळाले. पाखरं गप्प झाली. दिवसाउजेडी सूर्य तांबडा झाला आणि सगळा धूर बोडक्याकडं, रोपवनाकडं वळला.

गाव जाळरेषेवर धावत आलं. पण त्या आगीपुढं पट्टी म्हणजे कपाळावरचं गंध. आग तिच्यावरून उडी मारणार हे सगळ्यांना दिसलं. एकच उपाय होता. रेषेवरून आपणच समोर उलटी आग लावायची. तिनं समोरचा पाला खाल्ला की मोठ्या आगीला खायला उरत नाही. पण ती लावली की रेषेपलीकडचं माणूस दोन आगींच्या मध्ये सापडतं. म्हणून पोचूबाईनं आधी एकेकाला नावानं हाक मारली. फुलं वेचणारे दहा जण पलीकडं मोहांखाली होते. नऊ जण जीव घेऊन बाहेर आले.

"डोलू!"

डोलू नाल्यात दरडीखाली बसला होता. त्याला हाक ऐकू आली. पण सरकारची जीप आपल्याला धरून नेणार, अशी एक भीती त्याच्या छातीत होती. आणि दुसरी त्याहून मोठी होती. धुरानं बसलेला तो आवाज त्याला बहिणीचा वाटेना.

"डोलू!" त्यानं तोंडात गमछा कोंबला. "डोलू!" तो चौथीची वाट बघत बसला.

"पेटव, बाई," कन्नाजी म्हणाला. "रान चाललं. गाव चाललं."

पोचूबाईच्या हातात काडेपेटी होती. तिनं ती कन्नाजीच्या हातात दिली. "मी आत जाते. तुम्ही मला हाक मारा. माझी ओ आली की पेटवा." आणि रेषा ओलांडून ती धुरात गेली. दार उघडावं तसा धूर उघडला आणि तिच्यामागं मिटला, असं म्हणतात.

चौथी हाक डोलूला अगदी कानाशी ऐकू आली. "डोलू!"

"ओ, अक्का!" तो ओरडला आणि आवाजाकडं धावला. कुणीतरी त्याचं मनगट धरलं, ओढलं, ढकललं. तो रेषेवर येऊन पडला. हात खांद्यापर्यंत भाजला होता. मनगटावर पाच बोटांएवढी जागा मात्र थंड होती. तिथली लव सुद्धा जळली नव्हती.

कन्नाजीनं हाक मारली. "पोचूबाई!"

आतून लगेच आलं, "ओ!"

तिनं तीन हाका होऊ दिल्या नाहीत. पहिलीलाच ओ दिली. ती ओ जवळून आली की लांबून, हे कन्नाजीला मरेपर्यंत सांगता आलं नाही. तिचा शब्द होता. त्यानं काडी ओढली.

दोन आगी एकमेकींना भिडल्या, एकमेकींना खाऊन रेषेपाशी बसल्या. रोपवनाचं एक पान करपलं नाही.

दुसऱ्या सकाळी साहेब योजना उठवायला आले. कन्नाजी म्हणाला, "आधी मोजा जी." साहेब रेषेनं चालले. सगळी रोपं उभी होती. रेषेच्या पलीकडं राखेत अनवाणी पावलं होती, रेषेकडं येणारी. शेवटचं पाऊल रेषेपासून एक हातावर थांबलं होतं. पोचूबाई कुठंच सापडली नाही, बांगडीचा तुकडा नाही. पण त्या शेवटच्या पावलात पाणी होतं. चैत्रात. साहेबांनी कागद खिशात ठेवला आणि बूट काढले.

डोलू पुढं झाला. "मी पेटवलं," म्हणाला. "मी ऐकत होतो. मी ओ दिली नाही." त्याला कुणी जीपमध्ये घातलं नाही. घातलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं पुढं जन्मभर डोंगर राखला. जेवता जेवता तो हातातला घास ठेवून "ओ, अक्का!" म्हणायचा. कुणी हाक मारलेली नसायची.

ते पाऊल आता झरा आहे. त्याच्यावर गाव पाणी पितं. डोंगराला कुणी बोडका म्हणत नाही. आणि सगळ्या मुलखात अजून तीन हाका थांबतात, पण आमच्या गावात पहिल्या हाकेला ओ द्यायची. चूक केली असो, चोरी केली असो, ओ द्यायची. दर फाल्गुनात गावाची रान राखणारी समिती जाळरेषा जाळते. सरकारचा नियम आहे. पण त्याआधी गावातल्या प्रत्येकाच्या नावानं हाक मारतात, आणि सगळ्यांची ओ आल्याशिवाय काडी ओढत नाहीत. हा नियम आमचा आहे. शेवटी पोचूबाईला हाक मारतात. एकदाच. मग सगळे गप्प उभे राहतात. कुठंतरी सागाचं एक पान पडतं. ती तिची ओ, असं म्हणतात.

यंदा समितीच्या अध्यक्षांनी नावांची जुनीच यादी आणली होती. सवयीनं हाक मारली, "वारलू!"

वारलूदादा दिवाळीनंतर तापानं गेला. ओ आल्याशिवाय काडी ओढता येत नाही. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं.

"खोडू नका!" मी ओरडलो. "खाली लिहा. पोचूबाईच्या खाली."

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. मग अध्यक्षांनी तसंच लिहिलं. बाकीची नावं झाली. पोचूबाईचं झालं, पान पडलं. मग त्यांनी यादी माझ्या हातात दिली.

मी एकदाच हाक मारली. मला फार भीती वाटत होती. वारा नव्हता. आम्ही सगळे मान वर करून झाडांकडं बघत उभे राहिलो, आणि कुणाचाही हात काडेपेटीकडं गेला नाही, पान पडेपर्यंत.