खिडकीतून बारसं

तहसीलदारकी कधीच संपली, तरी त्र्यंबकराव मोहरीरांचा ताठा तसाच होता. प्रवास करायचा तो सुपरफास्टनेच. पॅसेंजर म्हणजे दर स्टेशनाच्या पाया पडत जाणारी गाडी, तिच्यात आपण बसायचं? छे! पण त्यांच्या लेकीच्या, कालिंदीच्या सासरी, पळसवाडीला थांबायची ती फक्त पॅसेंजर.

धाकट्या नातीचं बारसं ठरलं. कालिंदीने फोन केला, तर हे म्हणाले, "तुमच्या गावाला सुपरफास्ट थांबू दे, मग येतो."

"बाबा, तुम्ही सुपरफास्टनेच या," कालिंदी म्हणाली. "मी बाळाला घेऊन फलाटावर उभी राहते. गाडी धडधडत जाईल तेव्हा खिडकीतून बघून सांगा, नात कोणावर गेलीय."



बारशाच्या दिवशी त्र्यंबकराव मुकाट्याने पॅसेंजरमध्ये बसले. वाटेत सुपरफास्टला पुढे जाऊ द्यायला पॅसेंजर बाजूला थांबवली. त्र्यंबकरावांनी डोळे ताणून तिच्या खिडक्यांकडे पाहिलं. एकही चेहरा दिसला नाही.

पळसवाडीच्या फलाटावर कालिंदी बाळाला घेऊन उभीच होती. त्यांनी चष्मा पुसला, नातीला कुशीत घेतलं. गाडी निघून गेली तरी ते बघतच राहिले.

"तुझ्यावरच गेलीय गं," ते म्हणाले. "हिच्यापुढेही माझं काही चालायचं नाही."