पाणी प्यालेला उंदीर

फार पूर्वी चंपानगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व उंदराच्या योनीत जन्मला होता आणि राजवैद्य सोणकाच्या पिंजऱ्यात म्हातारा झाला होता.

राजाचा एकुलता एक मुलगा पद्म पोट धरून पडला होता. त्याला रक्ताच्या उलट्या होत. राजघराण्याची रीत अशी की, कुठलाही काढा आधी महिनाभर उंदरांना पाजायचा, मगच राजपुत्राच्या ओठाला लावायचा. सोणकाने दोन पिंजरे मांडले. एकात काढा, दुसऱ्यात नुसते पाणी. रोज सकाळी तो एकेकाला शेपटीला धरून उचली आणि बोरूची नळी घशात कोंबी. हात आडदांड. उंदीर निसटला की काठीने कोपऱ्यात दाबून धरी.

महिन्याने त्याने काढ्याचे उंदीर चिरले. पोटाला आतून चट्टे पडलेले, मूत्रपिंडांवरच्या गाठी सुजून टपोऱ्या, छातीतली एरवी भरदार असणारी कोवळी गाठ वाळून मोहरीएवढी. काढा विषारी, म्हणून त्याने ओतून दिला. दुसरा केला, तेच. तिसरा केला, तेच. पाण्याचे उंदीर मात्र त्याने कधी उघडलेच नाहीत. पाण्यात काय बघायचे, एवढेच त्याचे शहाणपण.

पिंजरे झाडणारी उत्पला एकदा म्हणाली, "वैद्यबुवा, तुमच्या खडावा वाजल्या की दोन्हीकडे तोंडातला दाणा गळतो. काढा प्यालेला कोण न् पाणी प्यालेला कोण, मला काही ओळखू येत नाही."

"तू झाडू मार," सोणक म्हणाला.

चौथा काढाही गेला. राजपुत्र आठवडा काढील असे दिसेना. सोणक डोके धरून बसला. तेव्हा पाण्याच्या पिंजऱ्यातला म्हातारा उंदीर आपण होऊन गजांपाशी आला.

"वैद्यराज, मला चिरा. मी जन्मभर तुमच्या हातचं पाणीच प्यालो आहे."

"मरायची एवढी घाई?"

"घाई त्या मुलाला आहे."

तो हातात वळवळला नाही. सोणकाने त्याला चिरले. आत तेच चट्टे, त्याच गाठी. म्हणजे चारही काढे निर्दोष होते. एखादा गुणाचाही असेल, आणि तो मोरीत गेला होता. विष रोज सकाळी खडावा वाजवीत येत होते.

मग त्याला आठवले, राजाही रोज सकाळी मुलाच्या पायथ्याशी तलवार लावून उभा राहतो आणि विचारतो, आज उठतोस की पुतण्याला गादी देऊ? आणि मुलगा पोट आवळून घेतो.

सोणक धावत गेला, सगळे सांगितले. राजा हसला. "मलाही माझ्या बापाचा धाक होता. मी मेलो का?"

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पायथ्याशी उभा राहिला. सहाव्या दिवशी पद्म गेला.

सोणकाने उरलेल्या उंदरांच्या पिंजऱ्याचे दार उघडले. कोणी बाहेर आले नाही. त्याने खडावा काढल्या, अनवाणी लांब जाऊन बसला. तरी नाही.

उत्पला म्हणाली, "आता तुम्ही नसलात तरी त्यांना तुम्हीच दिसणार."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "तेव्हाचा सोणक म्हणजे हा वडीलधारा भिक्षू, थेर धम्मिल, ज्याची काठी वाजली की नवे भिक्षू घास खाली ठेवतात. पद्म म्हणजे तो भिंतीला चिकटून बसलेला सुदंत. उत्पला ही इथे विहार झाडते, तीच. राजा या सभेत नाही. तो अजून कुठेतरी कुणाचा तरी बाप आहे. पाणी प्यालेला उंदीर मी होतो. याला दानपारमी, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतात. दिलेले वाया गेले, म्हणून ती उणी होत नाही."

धम्मिलाने काठी खाली ठेवली. सुदंत त्या आवाजानेही दचकला.