गोमाचं गलबत

फार फार वर्षांमागे समुद्राकाठच्या एका गावात गोमा नावाचा सुतार राहायचा. बाळांनो, आणि थोरांनो तुम्हीसुद्धा, आधी त्या गावची रीत ऐका. कुणाचंही गलबत पाण्यात लोटायचं असलं की घरटी एक माणूस यायचा आणि दोराला हात लावायचा. मजुरी नाही, आमंत्रण नाही.

गोमा मात्र एकदाही गेला नाही. त्याला कुठला वेळ! आज सरदाराच्या दारी मुजरा, उद्या नगरशेठच्या नातवाचं बारसं. “सगळे बडे लोक मला नावानं ओळखतात!” असं छाती फुगवून सांगत हिंडायचा. शरम म्हणून नाही!

तीन वर्षं राबून त्याने भलंमोठं गलबत बांधलं. वर्षातून एकदाच, मोठ्या उधाणाला, पाणी त्या गलबतापर्यंत चढायचं. त्या दिवशी गलबत लोटलं नाही, तर वर्षभर उन्हात तडकून त्याचं सरपण होणार.

उधाणाच्या दिवशी सरदार आला, कोतवाल आला, नगरशेठ आला. पानसुपारी झाली. गोमाने दोर पुढे केला.

“छे छे, कपडे भिजतील आमचे,” सरदार म्हणाला. कोतवाल नुसताच हसला. नगरशेठने दुसरा विडा उचलला.

गोमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “दहा वर्षं तुमचे उंबरे झिजवले, आणि एक हात देववत नाही? चालते व्हा!”

पलीकडे सारं गाव हिरामाय कोळणीची होडी लोटत होतं. गोमा त्यांच्यावरही ओरडला, “आणि तुम्ही रे? गावची रीत विसरलात?”

हिरामाय ओल्या लुगड्यानिशी तरातरा आली. “रीत? तुला आज आठवली होय रे मेल्या? गेल्या वर्षी माझा घरधनी अंथरुणाला खिळला होता. होडी ओढायला तुला हाक मारली. उपरणं सावरत पुढे गेलास, वळून तरी बघितलंस?”

गोमाची मान खाली गेली.

“आता बघत काय उभे राहिलात? हात लावा!” ती गावकऱ्यांवर खेकसली. सगळे धावले. पण ओहोटी लागली होती. गलबत हातभर सरकलं आणि वाळूत रुतलं ते रुतलंच.

उन्हाळ्यात फळ्या तडकल्या. गोमाने एकेक फळी उपटली आणि प्रत्येक फळीगणिक स्वतःलाच शिव्या घातल्या. पुढच्या उधाणाला हिरामायच्या दोराला पहिला हात त्याचा होता.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या दोराला जो हात लावतो, त्याचीच माणसं जोडलेली असतात.